नील बेटावर चार रात्री: भरती-ओहोटी पाहून आखायची सुट्टी

अंदमानच्या ठरीव सहलीत नील बेटाच्या वाट्याला जेमतेम एक रात्र येते. दुपारी बोटीतून उतरायचं, भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाची होडी, संध्याकाळी सूर्यास्त, सकाळी समुद्राने कोरलेला दगडी पूल आणि पुढची बोट. त्या चोवीस तासांत ओहोटी सोयीची असेलच असं नाही. नसेल तर पूल नीट पाहता येत नाही, पोहायला जावं तर पाणी गुडघाभर आणि खाली प्रवाळ. बेट चिमुकलं आहे, जेट्टीपासून पूर्वेकडच्या सीतापूरपर्यंतचा मुख्य रस्ता पाचेक किलोमीटरचा. एका दिवसात 'उरकणारं' बेट म्हणूनच ते वाया जातं. इथे चार रात्री काढा.

आधी नावांचा घोळ. २०१८ च्या ३० डिसेंबरपासून नीलचं अधिकृत नाव शहीद द्वीप आहे आणि शेजारच्या हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकिटांवर कधी जुनं तर कधी नवं नाव असतं, म्हणून बुकिंग करताना दोन्ही शोधा. भारतीयांना नीलसाठी वेगळा परवाना लागत नाही, मात्र मूळ ओळखपत्र प्रत्येक जेट्टीवर दाखवावं लागतं.

दिवस असे मांडा. पहिल्या दिवशी विमानाने पोर्ट ब्लेअर. मराठी माणूस सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय पुढे जात नाही, तेव्हा ते याच दुपारी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने नील, तिथे चार रात्री. सहाव्या दिवशी परत पोर्ट ब्लेअर आणि मुक्काम तिथेच. सातव्या दिवशी विमान. परतीची ही रात्र कापून नीलला पाचवी रात्र काढायचा मोह आवरा. वारा उठला की बोटी रद्द होतात. बोटीच्या तिकिटाचे पैसे परत मिळतीलही, पण विमान थांबत नाही. बोट आणि विमान एकाच दिवशी धरणं ही या प्रवासातली सर्वांत महाग चूक आहे.

बोटी दोन प्रकारच्या. खासगी कॅटामरान बंदिस्त, वातानुकूलित आणि वेगवान, साधारण तास-दीड तासात नीलला पोचवतात. सरकारी बोट स्वस्त, दोनेक तास घेते आणि बहुधा डेकवर उभं राहता येतं. तिची तिकिटं कमी असतात आणि स्थानिकांना प्राधान्य असतं, ते रास्तच आहे. डिसेंबरअखेर जाणार असाल तर विमानाबरोबरच बोटही बुक करा. बोट लागत असेल तर गोळी निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. जागा मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागा. पोट अगदी रिकामं ठेवू नका, तळलेलंही खाऊ नका.

जानेवारी ते एप्रिल हा उत्तम काळ, त्यातही फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र शांत असतो. मेच्या मध्यापासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस, आणि तो संपतो न संपतो तोच ईशान्य मोसमी. त्यामुळे 'दिवाळीत पाऊस नसतो' हा आपल्याकडचा हिशेब इथे चुकतो.

आता घड्याळ. अंदमान मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस अंश रेखांशांवर आहे, पण प्रमाणवेळ तीच. म्हणजे सूर्य मुंबईपेक्षा सरासरी सुमारे ८० मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, साडेपाचला अंधार. 'चहा घेऊन सहाला किनाऱ्यावर जाऊ' म्हणणाऱ्याला काळोख दिसतो. दिवस पहाटे पाचला सुरू करा आणि झोप दुपारी काढा.

खरी गंमत भरती-ओहोटीत आहे. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, कारण मुंबईकडे अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास येते. तो आकडा इथे आणू नका. अंदमानात त्या दिवशी भरती साधारण साडेनऊ-दहाला आणि ओहोटी साडेतीन-चारच्या सुमारास असते. रोज पाऊण तासापेक्षा थोडं जास्त पुढे सरकणं मात्र दोन्हीकडे सारखंच. यावरून तारखा निवडता येतात. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दोन-तीन दिवस आधीपासून त्या दिवसापर्यंत ओहोटी दुपारी उजेडात मिळते. द्वितीया-तृतीयेला ती नेमकी तिन्हीसांजेला आणि पहाटे अंधारात येते. पंचमी-षष्ठीला सकाळी सात-आठच्या सुमारास. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं ओसरतच नाही, मग पुलाजवळचे खडक पुरते उघडे पडत नाहीत. नेमक्या मिनिटांसाठी पोर्ट ब्लेअरचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहा. नील तिथून ४० किलोमीटरच्या आतबाहेर, त्यामुळे तो इथे चालतो. जायच्या आधी चार दिवसांच्या वेळा कागदावर उतरवून घ्या, कारण मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

कागद हातात आला की किनारे आपोआप ठरतात. ओहोटीला लक्ष्मणपूर क्रमांक दोन, म्हणजे तो दगडी पूल. नीचतम ओहोटीच्या दीड तास आधी पोचा आणि पाणी वळल्यावर तासाभरात निघा, नाहीतर परतीच्या वाटेवरचे खडक पाण्याखाली जातात. वाट मृत प्रवाळांवरून आहे, धारदार आणि निसरडी. साध्या चपला इथे घात करतात. मागे पट्टा असलेले रबरी तळाचे सँडल किंवा पाण्यातले बूट हवेत. डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, छोटे मासे दिसतात. बघा, उचलू नका. प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं.

भरतीला भरतपूर. जेट्टीला लागूनच, उथळ आणि शांत, मुलांनाही चालेल असं. पण ओहोटीला हेच पाणी गुडघ्याएवढं होतं आणि पाय प्रवाळावर कापतात. दिवसा इथे होड्या आणि जलक्रीडांचा गलबला असतो, म्हणून सकाळच्या भरतीला या. सीतापूर पूर्वेला, सूर्योदयासाठी. तिथे लाटा जोरकस असतात, एकट्याने पोहू नये. लक्ष्मणपूर क्रमांक एक सूर्यास्तासाठी, हिवाळ्यात सव्वाचारला तिथे असा. परतताना रस्ता अंधारा असतो, टॉर्च न्या. कुठेही पाण्यात उतरण्याआधी मगरींच्या सूचनेची पाटी आहे का बघा आणि स्थानिकांना विचारा. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाडी आणि तिवरांच्या कडेला पोहायचंच नाही.

राहायला जेट्टीजवळचा बाजार सोयीचा, पण निवांतपणासाठी लक्ष्मणपूरची बाजू बरी. खोली ठरवताना 'समुद्र दिसतो का' यापेक्षा 'वीज गेली तर जनरेटरवर पंखा चालतो का' हे विचारा. फिरायला भाड्याची सायकल पुरते. घेताना ब्रेक आणि साखळी तपासा.

रोख रक्कम पोर्ट ब्लेअरहूनच न्या, अगदी पूर्ण मुक्कामाची. इथल्या एटीएमवर विसंबू नये, आणि नेट नसेल तर मोबाइलवरून पैसे जात नाहीत. नेहमीची औषधंही सोबत. बेटावर प्राथमिक उपचार मिळतात, मोठ्या दुखण्याला पोर्ट ब्लेअरच गाठावं लागतं.

खाण्याची काळजी नको. बेटावरची वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची, त्यामुळे मासे-भात घरासारखा, आणि भाजी इथल्याच शेतातली. ताजा मासा हवा असेल तर सकाळीच जेवण सांगून ठेवा, ऐनवेळी तास-दीड तास लागतो.

स्कूबा करणार असाल तर पहिल्या दोन दिवसांत करून टाका. शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसेपर्यंत किमान १८ तास हवेत, २४ ठेवले तर उत्तम.

राहिल्या वाळूमाश्या. ओल्या वाळूवर सकाळ-संध्याकाळ चावतात, आधी कळत नाही आणि रात्री खाज सुटते. घोट्यापर्यंत खोबरेल तेलाचा जाड थर लावा, वाळूत थेट न बसता जाड चादर पसरा, आणि खाजवू नका. खाजवलेली जागा दमट हवेत चिघळते आणि मग पुढचे दिवस समुद्र नुसता लांबून बघावा लागतो.