फुलं दोन दिवसांत माना टाकतात? या चुका टाळा

सोसायटीत बारसं असो की साखरपुडा, फुलं लावायचं बोलावणं मला असतंच. तिसऱ्या दिवशी त्याच घरातून फोन येतो: "काकू, फुलं गेली हो. फुलवाल्याने शिळीच दिली वाटतं." कधीकधी माल खरंच शिळा असतो. पण बहुतेक वेळा मी जाऊन बघते तर चूक घरातच सापडते, आणि वर्षानुवर्षं तीच ती.

सगळ्यात आधी फुलदाणीत बोट घालून बघा. आतून बुळबुळीत लागली, तर पुढचं काहीही वाचून उपयोग नाही. नुसती विसळलेली फुलदाणी स्वच्छ नसते. तो बुळबुळीत थर जिवाणूंचा असतो. कापलेल्या देठाला मुळं नसतात. केसाहून बारीक नळ्यांतून तो पाणी वर ओढतो. त्या नळ्यांच्या तोंडाशी ही घाण बसली की पाणी चढायचं थांबतं. फुलदाणी गळ्यापर्यंत भरलेली आणि गुलाब मात्र तहानेने मान टाकून उभा, ते यामुळेच. माझा नियम साधा आहे: ज्या भांड्यातलं पाणी मी पिणार नाही, त्यात फूल ठेवणार नाही. अरुंद गळ्याच्या फुलदाणीत हात जात नसेल तर मूठभर कच्चे तांदूळ, भांड्याचा साबण आणि थोडं पाणी घालून खळखळून हलवा. तळाचा थर निघतो. आजीची पितळी फुलदाणी वापरायची असेल तर आत काचेचा पेला बसवा आणि फुलं त्यात ठेवा.

पाण्याखाली बुडणारी सगळी पानं खुडून टाका. ती कुजतात आणि पाणी नासवतात. पाणी मी रोज बदलते. कितीही दमले असले तरी झोपण्याआधी.

कंटाळा करणारी माणसं इथेच उपाय शोधायला लागतात. कुणी पाण्यात तांब्याचं नाणं टाकतं, कुणी डोकेदुखीची गोळी, कुणी दोन चमचे साखर. साखर हे फुलाचं अन्न आहे हे खरं, पण ते जिवाणूंचंही अन्न आहे. फुलवाल्याकडे मिळणाऱ्या पुडीत साखरेबरोबर पाणी आंबट करणारा आणि जिवाणू मारणारा पदार्थही असतो. नुसती साखर घातलीत तर आपल्या उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी पाणी गढूळ होतं. पुडी मिळाली तर तिच्यावर लिहिलेल्या मापानेच घाला. मिळाली नाही तर साधं ताजं पाणी पुरतं. आणि कपड्यांचं ब्लीच व लिंबू किंवा व्हिनेगर एकत्र करून घरगुती औषध बनवायच्या फंदात पडू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

आता फळांबद्दल. हे मला पदरचं नुकसान सोसून कळलं.

मे महिन्यात भाचीचा साखरपुडा होता. आदल्या संध्याकाळी पुण्याच्या मार्केट यार्डातून फिकट गुलाबी कार्नेशनच्या जुड्या आणल्या. देठ कापले, बादलीत पाणी घेतलं, सगळं नीट केलं. घरातली मागची खोली अंधारी आणि बंद, म्हणून बादली तिथे ठेवली. त्याच खोलीत पलंगाखाली कोकणातून आलेल्या हापूसची आढी लावलेली होती. आंबे पिकायला आले होते, दार उघडलं की घमघमाट यायचा. सकाळी सहाला बघते तर प्रत्येक फूल मिटलेलं. पाकळ्यांच्या कडा आत वळलेल्या, भिजलेल्या क्रेप कागदासारख्या मऊ. देठ मात्र ताठ आणि बादली भरलेली. मी रागारागाने फुलवाल्याला फोन लावला. त्याने शांतपणे एकच विचारलं, "ताई, शेजारी फळं होती का?"

पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो. तोच वायू फळाला पिकवतो आणि फुलाला म्हातारं करतो. कार्नेशन त्याला फार हळवं असतं. फुलवाले म्हणतात की ते 'झोपतं', आणि झोपलेलं कार्नेशन पुन्हा उठत नाही. मोठ्या शेतांवर काढणीनंतर त्याला सिल्व्हर थायोसल्फेटचं पाणी पाजतात, मग ते टिकतं. पण हातात आलेल्या जुडीला ते पाजलंय की नाही, हे बघून कळत नाही. त्या दिवशी हॉलमध्ये ठेवलेले जरबेरा टवटवीत होते, त्यांच्यावर आणि निशिगंधावर वेळ निभावली.

तेव्हापासून माझ्या घरात फळांची टोपली आणि फुलदाणी एका टेबलावर नसते. केळी, चिकू, पपई, सफरचंद, सगळ्यांना हेच लागू. फ्रिजमध्ये फुलं ठेवताना फळांचा कप्पा रिकामा करा. देवघरातल्या उदबत्तीच्या धुरातही हा वायू असतो, म्हणून फुलदाणी तिथून लांब. फुलदाणीतलं सुकलेलं फूलही तो सोडतं. एक गेलं की ते लगेच काढा.

बाकीच्या चुका थोडक्यात. जरबेराला खोल पाणी देऊ नका. त्याचा लवदार देठ कुजतो, चार बोटं पाणी पुरे. ग्लॅडिओलस आडवा ठेवू नका, काही तासांत शेंडे वरच्या दिशेला वाकतात. निशिगंधाची खालची सुकलेली फुलं रोज खुडा, वरच्या कळ्यांना जोर मिळतो. ऑर्किड घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, त्याला थंडी बाधते. पंख्याखाली आणि खिडकीच्या उन्हात कुठलंच फूल टिकत नाही. घरात मांजर असेल तर लिली आणूच नका. तिचे परागकण चाटले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते.

शेवटी गुलाब, कारण सगळ्यात जास्त फोन त्याच्यासाठीच येतात. बाजारातून घरी येईपर्यंत कापलेल्या टोकातून नळीत हवा शिरते. मग तसाच फुलदाणीत ठेवला की पाकळ्या ताज्या दिसत असतानाच मान लवते. म्हणून घरी आल्यावर चहा टाकायच्या आधी बादलीत पाणी घ्या आणि देठाचं टोक पाण्याखाली धरून धारदार सुरीने दोन-तीन सेंटिमीटर तिरकं कापा. बोथट कात्री नको, ती देठ चेपते. मान आधीच लवली असेल तर तसाच पाण्याखाली कापून घ्या, फूल सरळ धरून वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा आणि कोमट पाण्यात गळ्यापर्यंत दोन तास उभं करा. मध्ये मध्ये उघडून बघू नका. बरेचसे गुलाब ताठ होतात. जो होत नाही, त्याचा देठ अगदी आखूड कापून फूल पसरट वाटीत पाण्यावर ठेवा. तिथे त्याला पाणी फार वर ओढावं लागत नाही, आणि ते आणखी एक-दोन दिवस चांगलं राहतं.