युद्धानंतर बदलणारी शेजारनाती कशी अभ्यासावीत: दक्षिण कॉकेशसचे उदाहरण

युद्ध दोन देशांत होते, पण त्यानंतर आजूबाजूच्या सगळ्याच देशांना आपापले संबंध नव्याने जुळवावे लागतात. हा बदल रोजच्या सुट्या बातम्यांतून हाती लागत नाही, म्हणून त्याचा अभ्यास ठरावीक पद्धतीने करावा लागतो. सरावासाठी नागोर्नो-काराबाख या अझरबैजानमधील आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशावरून आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात झालेला संघर्ष घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन, कारण तिथला प्रदेश लहान असला तरी त्यात रशिया, तुर्कस्तान, इराण, युरोप आणि काही अंशी भारतही गुंतलेला आहे.

सुरुवात नकाशापासून करावी आणि त्यावर आधी वाटा व बंद सीमा दाखवाव्यात. आर्मेनियाला समुद्रकिनारा नाही. त्याच्या चार शेजाऱ्यांपैकी अझरबैजान आणि तुर्कस्तान यांच्या सीमा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून बंद, त्यामुळे बाहेर पडायला उत्तरेस जॉर्जिया आणि दक्षिणेस इराण एवढेच मार्ग उरले. अझरबैजानचीही अडचण आहे: त्याचा नखिचेवान हा भाग मुख्य भूमीपासून तुटलेला असून मध्ये आर्मेनियाचा स्यूनिक प्रांत येतो. या दोन गोष्टी नकाशावर दिसल्या की पुढच्या बहुतेक वाटाघाटी कशासाठी चालल्या आहेत ते आपोआप उमगते.

त्यानंतर प्रत्येक कराराची परीक्षा कोणत्या दिवशी झाली ते शोधावे. माझ्या मते संपूर्ण अभ्यासातील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि त्याला सर्वाधिक वेळ द्यावा. आर्मेनिया हा रशियाच्या नेतृत्वाखालील सामूहिक सुरक्षा करार संघटनेचा सदस्य. एका सदस्यावरील आक्रमण हे सर्वांवरील आक्रमण मानण्याचे तिचे कलम आहे. 2020 च्या 44 दिवसांच्या युद्धात हे कलम लागू झाले नाही, पण काराबाख आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार अझरबैजानचा भाग असल्याने त्याला निदान कायदेशीर कारण होते. खरी कसोटी सप्टेंबर 2022 मध्ये लागली. तेव्हा अझरबैजानी सैन्य थेट आर्मेनियाच्या हद्दीत शिरले, आर्मेनियाने मदत मागितली आणि संघटनेने पाहणी करणारे पथक पाठवले. त्याच वर्षी जानेवारीत कझाकस्तानातील अशांतता शमवण्यासाठी याच संघटनेने काही दिवसांत सैनिक उतरवले होते. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून वाचली, की नोव्हेंबर 2022 मध्ये संघटनेच्या येरेवान येथील शिखर परिषदेत आर्मेनियाचे पंतप्रधान निकोल पाशिन्यान यांनी जाहीरनाम्यावर सही का नाकारली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये आर्मेनियाने या संघटनेतील सहभाग का गोठवला, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. याउलट तुर्कस्तान 2020 मध्ये अझरबैजानच्या पाठीशी उभा राहिला आणि जून 2021 च्या शुशा जाहीरनाम्याने त्या मैत्रीला लेखी रूप मिळाले.

धर्म आणि वंश यांवरून गट पाडण्याचा मोह आवरावा. इराण आणि अझरबैजान या दोन्ही देशांत शिया बहुसंख्य आहेत, तरीही इराणने ऑक्टोबर 2022 मध्ये स्यूनिकमधील कापान येथे वाणिज्य दूतावास उघडून आर्मेनियाच्या सीमांबाबतची आपली भूमिका स्पष्ट केली. अझरबैजानला इस्रायलकडून मिळणारी शस्त्रे आणि आर्मेनियाशी असलेली आपली चिंचोळी सीमा हातची जाण्याची भीती, ही त्यामागची कारणे होती. युरोपीय संघाने तर जुलै 2022 मध्ये अझरबैजानशी जास्तीच्या वायूचा समझोता केला आणि 2023 च्या आरंभी आर्मेनियाच्या सीमेवर आपले निरीक्षक बसवले. अशा दुहेरी नोंदी खोडू नयेत, दोन्ही लिहून ठेवाव्यात.

सप्टेंबर 2023 मध्ये अझरबैजानने काराबाख पूर्णपणे ताब्यात घेतले आणि एक लाखाहून अधिक आर्मेनियन माणसे घरदार सोडून निघाली. करारांच्या तारखा लिहिताना ही नोंद वगळू नये. पुढची सगळी मुत्सद्देगिरी या विस्थापनावर उभी आहे.

आता आपला देश कुठे बसतो ते पाहावे. आर्मेनियाने 2022 मध्ये भारताकडून पिनाक रॉकेट प्रणाली घेण्याचा करार केला. तिच्या विकासाचे मुख्य काम पुण्याच्या एआरडीई या प्रयोगशाळेत झाले आहे. पाकिस्तान अझरबैजानच्या बाजूने इतका ठाम होता, की त्याने आर्मेनियाला अनेक वर्षे मान्यताच दिली नव्हती. मात्र 8 ऑगस्ट 2025 रोजी वॉशिंग्टनमध्ये शांतता कराराच्या मसुद्यावर आर्मेनिया आणि अझरबैजानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आद्याक्षरे केली, स्यूनिकमधून जाणाऱ्या मार्गात अमेरिकेचा सहभाग ठरला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पाकिस्तानने आर्मेनियाशी राजनैतिक संबंध जोडले.

वहीत शेवटी मार्गारा पुलासाठी एक पान राखून ठेवावे. आर्मेनिया-तुर्कस्तान सीमेवरील हा पूल 11 फेब्रुवारी 2023 रोजी, तीस वर्षांत प्रथमच, भूकंपग्रस्त तुर्कस्तानकडे जाणाऱ्या आर्मेनियाच्या मदतीच्या ट्रकसाठी उघडला गेला. तिथून कोणता माल, कोणत्या दिशेने आणि कोणाच्या परवानगीने जातो, याची तारीखवार नोंद त्या पानावर करत राहावी.