लॉइड जॉर्जवर टिपण लिहिताना

डेव्हिड लॉइड जॉर्जवर लिहायला बसलं की पेन आपोआप १९१६ कडे, ब्रिटनच्या पंतप्रधानपदाकडे धावतं. ते आवरा. निम्मी जागा १८७८ ते १८९० या वर्षांना द्या. तो सभेत जे करी, ते आधी कोर्टात शिकला होता.

जन्म १७ जानेवारी १८६३, मँचेस्टर. तो वेल्समध्ये जन्मला असं बेधडक लिहिलं जातं, ते चूक. वडील गेल्यावर आई मुलांना घेऊन वेल्समधल्या लॅनिस्टम्ड्वी गावी भावाकडे आली. हा मामा, रिचर्ड लॉइड, जोडे शिवी आणि बॅप्टिस्ट चॅपेलात प्रवचन देई.

दुसरी चूक 'बॅरिस्टर' लिहिण्याची. तो सॉलिसिटर, म्हणजे अशिलांना सल्ला देणारा आणि खालच्या कोर्टात उभा राहणारा वकील होता: पोर्थमॅडॉगच्या फर्ममध्ये उमेदवारी (मुंबईचे सॉलिसिटर आर्टिकलशिप म्हणतात तीच), १८८४ मध्ये पात्रता, मग क्रिकिएथला स्वतःची कचेरी.

सर्वांत जास्त ओळी १८८८ च्या लॅनफ्रोथेन दफन खटल्याला द्या. एका खाणकामगाराची इच्छा होती, की मेल्यावर आपल्याला मुलीच्या कबरीशेजारी, स्वतःच्या पंथाच्या विधीने पुरावं. १८८० च्या कायद्याने तो हक्क दिला होता, तरी रेक्टरने, म्हणजे अधिकृत चर्चच्या पाद्र्याने, दफनभूमीचं फाटक बंद ठेवलं. लॉइड जॉर्जने घरच्यांना सल्ला दिला: फाटक तोडा आणि पुरा. स्थानिक कोर्टात ज्यूरी बाजूने असूनही निकाल विरुद्ध गेला. लंडनच्या अपिलात तो फिरला. इथे 'त्याने लंडनमध्ये युक्तिवाद केला' असं लिहू नका. वरच्या कोर्टात उभं राहायचा हक्क सॉलिसिटरला नव्हता.

आता एप्रिल १८९० ची ब्रिटिश संसदेची पोटनिवडणूक मांडा. अवघ्या १८ मतांनी जिंकलेली ती जागा त्याने १९४५ पर्यंत सोडली नाही.

वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९१९ पर्यंतची जुनी वृत्तपत्रं ऑनलाइन फुकट ठेवली आहेत. शोधताना गावांची तेव्हाची इंग्रजी स्पेलिंग टाका: कॅर्नार्फनऐवजी कार्नार्व्हन, पोर्थमॅडॉगऐवजी पोर्टमॅडॉक. नाहीतर हाती फारसं लागत नाही. एकाच सभेची बातमी लिबरल (त्याच्या पक्षाच्या) आणि टोरी (विरोधी हुजूर पक्षाच्या) अशा दोन्ही पत्रांत वाचा; टाळ्या एकाला ऐकू येतात, दुसऱ्याला नाहीत. हॅन्सर्डमधली (ब्रिटिश संसदेच्या कामकाजाच्या छापील अहवालातली) १९०९ पूर्वीची भाषणं शब्दशः धरून अवतरणात टाकू नका.

पदं थोडक्यात उरका: १९०५ व्यापार मंडळ, १९०८ अर्थखातं, १९१५ दारूगोळा, १९१६ ते १९२२ पंतप्रधान. अपवाद १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याचा; त्यावर दोन ओळी हव्यातच. भारतीय वाचकासाठी १९१९ चा माँटेग्यू-चेम्सफर्ड कायदा त्याच्याच सरकारचा, एवढं नोंदवा.

शेवटी नाव तपासा: आडनावात जोडरेघ नाही, १९४५ च्या अर्ल किताबात मात्र आहे.