‘गोरिलाज’ खेळताना या चुका टाळा

एमएस-डॉस ५.० या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, १९९१ साली, क्यूबेसिक या प्रोग्रॅमिंगच्या साधनासोबत गोरिला.बास ही फाईल आली. तोच हा ‘गोरिलाज’ खेळ. इमारतींच्या गच्चीवर दोन गोरिला आणि हातात फुटणारी केळी, ती फेकून समोरच्याला उडवायचं. कोन टाका, वेग टाका, एंटर दाबा. इतकं सोपं दिसतं म्हणूनच बहुतेक जण अंदाजपंचे फेकत सुटतात.

सगळ्यात महागात पडते ती वाऱ्याची चूक. खालचा बाण वाऱ्याची दिशा दाखवतो. बाण लांब म्हणजे वारा जोरात. बाण बघून वेगात दोन-चार कमी-जास्त करायचे, ही सवय सोडा. या प्रोग्रॅममध्ये वारा केळ्याला एकदाच धक्का देत नाही, ते हवेत असेपर्यंत ढकलतच राहतो. त्यामुळे केळं किती सरकणार हे वेळेच्या वर्गावर ठरतं. समजा, दोघे सारख्याच उंचीवर आहेत आणि मध्ये ५०० पिक्सेल अंतर आहे. ४५ अंश आणि ७० वेगाने केळं बरोबर पोचतं. प्रोग्रॅमच्या आतला वाऱ्याचा आकडा ५ असेल, तर ते जवळपास ५० पिक्सेल भरकटतं. तिथेच ७५ अंशांनी पोचायला ९९ वेग लागतो आणि तोच वारा त्याला १९० पिक्सेल ओढून नेतो. मध्ये उंच इमारत नसेल तर उंच फेकूच नका. त्यातल्या त्यात बरं हे, की कुणीतरी उडेपर्यंत वारा बदलत नाही, त्यामुळे पहिली फेक वाया गेली तरी तिच्यावरून शिकता येतं.

पण शिकायचं तर कोन आणि वेग एकदम बदलू नका. कोन तसाच ठेवा, वेग हलवा, आणि हलवताना लक्षात असू द्या की अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. ४५ अंशांत ६० चे ७० केले की केळं ३६७ ऐवजी ५०० पिक्सेलवर पडतं. थोडंसंच कमी पडत असेल तर एक-दोनने वाढवा, दहाने नाही.

उजवीकडचा खेळाडू हमखास १३५ अंश टाकतो आणि केळं पाठीमागे जातं. गरज नाही, त्याचा कोन प्रोग्रॅम स्वतःच उलटा करून घेतो. वेग २ पेक्षा कमी पडला तर स्वतःचाच गोरिला उडतो, म्हणून वेगाच्या जागी घाईत नुसतं एंटर दाबू नका. सूर्याला घाबरून कोन बदलायचंही कारण नाही. केळं त्याच्यातून आरपार जातं, तो फक्त तोंड वासून बघतो, आणि ते बघायला मला आजही आवडतं!

सुरुवातीला विचारलेलं गुरुत्वाकर्षण गंमत म्हणून १.६ करताय? मग ५०० पिक्सेलला २८ वेग पुरतो, पण केळं इतका वेळ तरंगतं की ५ चा वारा त्याला ३०० पिक्सेलहून जास्त ढकलतो. नवख्याने ९.८ च ठेवावं.

खेळ फार संथ चालत असेल तर कोडमध्ये वरच स्पीडकॉन्स्ट = ५०० अशी ओळ आहे. संथ म्हणून तो आकडा कमी करू नका. आकडा मोठा केला की खेळ वेगाने चालतो. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या संगणकावर डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, खेळत असाल तर सायकल्स (त्यातल्या नकली मशीनचा वेग) एफ५ दाबून खेळ सुरू करण्याआधीच ठरवा. मशीन किती वेगवान आहे हे प्रोग्रॅम सुरुवातीला एकदाच मोजतो, नंतर सायकल्स बदलल्या तर त्याचं गणित जुन्याच आकड्यावर चालत राहतं.