कीकॅडमध्ये पहिला ट्रॅक ओढण्याआधी

कीकॅड या सर्किट बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन थरांचा बोर्ड करायचा असेल तर सुरुवात स्किमॅटिकपासूनच, म्हणजे सर्किटच्या आकृतीपासूनच करा. ईआरसीच्या (जोडण्यांच्या आपोआप तपासणीच्या) चुका मिटवा, प्रत्येक पार्टला फूटप्रिंट (तो सोल्डर करायच्या तांब्याच्या पॅडची मांडणी) द्या, मग एफ८ दाबून सगळे बोर्डावर आणा. नेटची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पिनांच्या गटांची, नावे इथेच तपासा. एका ठिकाणी ‘जीएनडी’ आणि दुसरीकडे ‘ग्राउंड’ लिहिले असेल, तर कीकॅडच्या लेखी ती दोन वेगळी नेट. पुढे झोन (एकाच नेटला जोडलेला तांब्याचा सलग भाग) भरला तरी त्यातले काही पॅड अधांतरीच राहतात.

बोर्ड जिथे बनवून घ्यायचा तिथली ट्रॅकची किमान रुंदी, अंतर आणि छिद्राचा आकार बोर्ड सेटअपमध्ये आधीच भरा. रूटिंग (ट्रॅक ओढणे) झाल्यावर भरलेत तर निम्मे काम पुन्हा. नेट क्लास (कोणत्या नेटला किती रुंदी, याचे गट) वेगळे ठेवा: सिग्नलला ०.२५ मिमी पुरते. ३५ मायक्रॉन तांब्याच्या बाहेरच्या थरावर, १० अंश तापमानवाढ धरून, १ अँपिअरला साधारण ०.३ आणि २ अँपिअरला ०.८ मिमी लागतात. जागा असेल तर दुप्पट द्या. तांबे बोर्डावर आधीच असते, न वापरलेले नुसते विरघळून जाते.

१०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर आयसीच्या पॉवर पिनला अगदी खेटून बसवा. ग्राउंडची रॅट्सनेस्ट (अजून न ओढलेल्या जोडण्यांच्या बारीक रेषा) तात्पुरती लपवा. ती जोडणी झोन करणार आहे.

हा झोन म्हणजे रिकामी जागा बुजवायचा रंग नव्हे. वेगवान सिग्नलचा परतीचा प्रवाह ट्रॅकच्या बरोबर खालून वाहतो. खालच्या थरावर लांबलचक आडवा ट्रॅक टाकला, की ती वाट चिरते, प्रवाह वळसा घेतो आणि त्या वळशाचा अँटेना होतो. म्हणून सिग्नल वरच्या थरावर ठेवा. खाली उतरावेच लागले तर काही मिलिमीटरांत परत वर या.

झोनच्या गुणधर्मांत पॅडना थर्मल रिलीफ (झोनशी फक्त अरुंद पट्ट्यांनी जोडणी) ठेवा. पॅड सलग तांब्यात बुडाला तर सोल्डरिंग आयर्नची उष्णता झोनच ओढून घेतो आणि जोड थंड राहतो. तांब्याची सुटी बेटे काढून टाका, नाहीतर व्हाया (दोन थर जोडणारे छिद्र) टाकून ती खालच्या ग्राउंडला शिवा. ईएसपी३२सारखे वायफायचे मॉड्यूल असेल तर अँटेनाखाली दोन्ही थरांवर कीपआउट (तांबे न ठेवायची जागा) आखा.

ट्रॅक हलवल्यावर झोन जुनाच राहू शकतो. त्यामुळे ‘बी’ दाबून तो पुन्हा भरा, मग डीआरसी (बोर्डाच्या नियमांची तपासणी) चालवा आणि त्यानंतरच गर्बर (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या फाइल्स) काढा.