‘अजार’: किलकिल्या दाराचा इंग्रजी शब्द

दार बंद नाही, पण सताड उघडंही नाही. फटीतून आतल्या दिव्याची उभी रेघ तेवढी बाहेर पडते आहे. अशा दाराला इंग्रजीत ‘अजार’ म्हणतात. पहिला ‘अ’ अगदी ओझरता, जोर ‘जा’वर. ‘आजार’सारखा ‘आ’ लांबवला की उच्चार बिघडलाच.

मराठीत नेमका शब्द ‘किलकिलं’. ‘अर्धवट उघडं’ म्हटलं तर फट फार मोठी होते. ‘लोटलेलं’ही चालत नाही, कारण लोटलेल्या दाराला कडी लावलेली नसते, पण फट दिसेलच असं नाही.

सर्वांत जास्त चूक होते ती शब्दाच्या जागेची. आपण ‘किलकिलं दार’ म्हणतो, म्हणून ‘ॲन अजार डोर’ लिहू नका. हा शब्द नामाआधी बसत नाही. ‘द डोर वॉज अजार’, ‘शी लेफ्ट द विंडो अजार’, ‘द गेट स्टुड अजार’ अशी वाक्यं करा.

याचं कारण शब्दाच्या जन्मात आहे. मूळ रूप ‘ऑन चार’. ‘चार’ म्हणजे वळण, फिरणं. म्हणजे बिजागरीवर जरासं फिरलेलं दार. स्कॉटिश कवी गॅव्हिन डग्लस यांनी 1513 मध्ये पूर्ण केलेल्या, व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या लॅटिन महाकाव्याच्या स्कॉट्स भाषांतरात खिडकी ‘अ लिटल ऑन चार’ आहे. पुढे ‘ऑन’ झिजून ‘अ’ उरला आणि ‘च’चा ‘ज’ झाला. ‘अस्लीप’ही असाच ‘ऑन’पासून घडला, म्हणून ‘ॲन अस्लीप चाइल्ड’सुद्धा खटकतं. घरकामाचा ‘चोअर’ याच ‘चार’चा भाऊबंद: वळण, मग कामाची पाळी, मग काम. बरणीचा ‘जार’ मात्र अरबी ‘जर्रा’वरून आलेला. दोघांचं नातं फक्त ‘दार केव्हा दार नसतं?’ या इंग्रजी कोड्यापुरतं; उत्तर: ते ‘अजार’ असतं तेव्हा, कारण ऐकताना ते ‘अ जार’, म्हणजे एक बरणी, असंही वाटतं.

‘स्लाइटली अजार’मध्ये ‘किंचित’ दोनदा येतं, तरी ते रूढ आहे, बिनधास्त वापरा. पाककृतीत झाकण ‘अजार’ ठेवा म्हटलं, तर वाफ जाण्यापुरतं सरकवा, काढून ठेवू नका. गाडीच्या डॅशबोर्डवर ‘डोर अजार’ दिसलं, तर दार बंद दिसत असलं तरी लॅच पुरतं बसलेलं नसू शकतं. गाडी थांबवून दार उघडा आणि पुन्हा ओढून घ्या. किलकिल्या डोळ्यांना मात्र हा शब्द लावू नका. तिथे ‘हाफ-क्लोज्ड’ लिहा.