‘होऊन जाईल, ताई’ : घराचं काम कॉन्ट्रॅक्टरला देण्याआधी

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, तिसरा मजला, बिनलिफ्टची इमारत, 1993 सालची. 590 चौरस फूट कार्पेट. मोझेकच्या लाद्या, गंजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप, आणि पावसाळा असो-नसो, खालच्या काकूंच्या छतावर आमच्या बाथरूमच्या कृपेने पसरत जाणारा ओलसर नकाशा. शेवटी त्या नकाशामुळेच काम काढलं. मी एका पतपेढीत हिशेब सांभाळते, म्हणून घरातली वही माझ्याकडे आली. 71 दिवसांत तिची 140 पानं भरली. कॉन्ट्रॅक्टरने 45 दिवस सांगितले होते.

कॉन्ट्रॅक्टरला बोलावण्याआधी पंधरा दिवस नुसतं लिहीत राहा. मी पानाच्या मधोमध रेघ मारली होती. डावीकडे ‘मोडलंय’, उजवीकडे ‘आवडत नाही’. गळती, पाइप, वायरिंग, खिडकीखालची ओल हे सगळं डावीकडे. फॉल्स सीलिंग, टीव्हीमागचं पॅनेल, ओट्याचा रंग उजवीकडे. पैसे कमी पडले की कात्री फक्त उजवीकडे चालवायची. आमचं फॉल्स सीलिंग तसंच गेलं, आणि आज त्याची कुणाला आठवणही येत नाही. याच पंधरा दिवसांत मिक्सर कुठे लावता, मोबाइल कुठे चार्ज करता, कपडे धुताना पाणी कुठे साचतं, तेही टिपून ठेवा. इलेक्ट्रिशियन भिंतीसमोर उभा राहून “पॉइंट कुठे देऊ?” विचारतो तेव्हा ऐनवेळी काही सुचत नाही.

कोटेशन तिघांकडून घेतलं. तिघांच्या हातात तीच यादी दिली, नाहीतर तीन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. पहिले गृहस्थ दहा मिनिटं घरात फिरले आणि म्हणाले, “साडेपाच लाखांत चकाचक.” दुसऱ्यांनी न येताच मोबाइलवर रंगीत तक्ता धाडला, 7 लाख 20 हजारांचा. तिसरे आले, खिशातलं नाणं काढून बाथरूमच्या टाइल्स ठोकत बसले, माळ्यावरच्या टाकीचा कॉक फिरवून पाहिला आणि म्हणाले, “खालच्यांचं छत बघता येईल का?” काम त्यांना दिलं, 6 लाख 40 हजारांना. त्याआधी त्यांचं एक जुनं काम पाहून आले. जुनं म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं. नवं काम कुणाचंही छान दिसतं. दोन वर्षं वापरलेल्या बाथरूममध्ये दारामागचा कोपरा बघा, न्हाणीच्या जाळीपाशी पाणी थांबतं का बघा, आणि घरच्या बाईला एकच विचारा : शेवटचे पैसे दिल्यावर हे परत फोन उचलत होते का?

आता खरी मेहनत. कोटेशनमध्ये एक ओळ होती : “बाथरूम कंप्लीट – 92,000.” मी विचारलं, कंप्लीट म्हणजे काय काय? त्यांना जरा राग आला, पण बसले. एका ओळीच्या अकरा ओळी झाल्या. जुन्या टाइल्स आणि कोबा (टाइल्सखालचा काँक्रीटचा थर) तोडून स्लॅबपर्यंत साफ करणे. राडारोडा गोण्यांत भरून खाली नेणे आणि टेम्पोने बाहेर टाकणे. वॉटरप्रूफिंग करताना थर भिंतीवर एक फूट चढवणे. त्यात पाणी साठवून 48 तासांची चाचणी, गळलं तर दुरुस्ती त्यांच्या खर्चाने. नवी लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपची. टाइल्स सात फुटांपर्यंत. सिमेंट, रेती, ग्राउट (टाइल्सच्या फटी भरायचा मसाला) त्यांचं. टाइल्स आणि नळ आमचे. मग ‘यात नाही’ असा मथळा घालून गिझर बसवणं, एक्झॉस्ट फॅन, आरसा. हा दुसरा मथळा पहिल्याइतकाच कामाचा, कारण भांडणं तिथूनच उगवतात. साडेपाच लाखवाल्यांच्या कागदावर राडारोड्याचा उल्लेखच नव्हता. आमच्याकडून पुढे 310 गोण्या निघाल्या, सगळ्या माणसांच्या पाठीवरून तीन मजले उतरल्या.

दर कसा ठरवायचा हाही प्रश्न असतो. बाथरूम ठोक रकमेत दिलं, फरशी आणि रंग चौरस फुटावर. फुटावर दिलं की माप कसं घ्यायचं तेही लिहा : स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीवर, धरणार की चौरस फुटात, रंगाच्या मापातून दारं-खिडक्या वजा करणार की नाही. ‘ब्रास’ हा शब्द कानावर पडला की थांबून विचारा. रेतीचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, फरशी-गिलाव्याचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. आणि अंतिम माप दोघांनी मिळून घ्यायचं, टेपचं एक टोक तुमच्या हातात. पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी दरात धरलाय की वर लागणार, हे आधी विचारा. अशा कामावर तो साधारण 18 टक्के असतो, म्हणजे लाखामागे 18 हजारांचा फरक.

‘चांगलं प्लाय वापरू’ हे वाक्य वहीत घेऊ नका. सिंकखालच्या कपाटाला आयएस 710, 18 मिमी, असं लिहा. आयएस म्हणजे सरकारी मानकाचा नंबर, आणि 710 म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय. बेडरूमच्या कपाटाला आयएस 303 चालतं. आठ बाय चारच्या शीटवर शिक्का असतो. सुताराने कापायच्या आधी फोटो काढा, कापल्यावर शिक्का कुठल्या फळीवर गेला ते त्यालाही सांगता येत नाही. वायरिंगचंही तसंच. आमच्याकडे दिव्यांना 1.5 चौरस मिमी, प्लगना 2.5, एसी आणि गिझरला 4 अशी वायर ठरली, मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. एसी वाढणार असेल तर महावितरणकडे मंजूर भार किती आहे ते आपल्या बिलावरच छापलेलं असतं, ते आधी बघा.

पैसे तारखेवर नाही, टप्प्यावर द्यायचे. आमचे टप्पे असे होते : सुरुवातीला 10 टक्के, तोडफोड आणि पाइपलाइन झाल्यावर 20, पाण्याची चाचणी पास झाल्यावर 20, फरशी-टाइल्स पूर्ण झाल्यावर 25, सुतारकाम आणि रंग झाल्यावर 15. उरलेल्या दहांतले 5 बारीकसारीक दुरुस्त्या संपल्यावर आणि 5 पहिला पाऊस पडून गेल्यावर. शेवटच्या पाचावर त्यांनी बरंच तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, खिडकीखालची ओल तुम्ही बंद केलीत की नाही ते मला डिसेंबरमध्ये कसं कळणार? मान्य केलं.

आणि एवढं सगळं लिहून मीच ते मोडलं. फरशी अर्धी झाली असताना गावाकडे लग्न आहे म्हणून 50 हजारांची उचल मागितली. माणूस भला, तोपर्यंत काम चोख, मी दिली. पुढचे नऊ दिवस गवंडी फिरकला नाही. फोन केला की “होऊन जाईल, ताई.” माणसं दुसऱ्या साइटवर लावली होती. त्यात लबाडी होती असं मला आजही वाटत नाही. ज्याच्याकडून पैसे यायचे बाकी असतात त्याच्याकडे माणसं आधी जातात, इतकंच. टप्पा पुरा होण्याआधी दिलेला रुपया तुमचं काम रांगेत मागे ढकलतो.

सोसायटीला पत्र आधी द्या आणि पोच घ्या. कोणती भिंत पाडणार ते त्यात लिहा. साडेचार इंची आतली भिंतसुद्धा इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पाडायची नाही, आणि कॉलम-बीमला छिन्नी लावायचीच नाही. बाथरूम सरकवून खालच्यांच्या स्वयंपाकघरावर नेण्याचा मोहही नको. आमच्या जिन्यात एक मुलगा दहावीला होता, म्हणून तुळशीच्या लग्नानंतर लगेच सुरुवात करून ठोकाठोक डिसेंबरातच उरकली. दुपारी एक ते तीन हातोडा बंद. काकूंकडे मी स्वतः जाऊन आले, पेढे घेऊन. पुढे त्या पेढ्यांचा फार उपयोग झाला. (कॉन्ट्रॅक्टर म्हणाले, पितृपक्षात कुणी काम काढत नाही, तेव्हा आम्ही मोकळे असतो, दरही थोडा सैल होतो. सासूबाईंसमोर हा विषय काढण्याची माझी हिंमत झाली नाही.)

कामाचा क्रम सगळीकडे तोच : तोडफोड, पाइप आणि वायरिंग, वॉटरप्रूफिंग, गिलावा, फरशी, ओटा, सुतार, रंग. रंगाचा शेवटचा हात सुतार गेल्यावरच. संडास आणि बाथरूम एकदम तोडायला घेऊ नका, एक चालू राहू दे. तरी आम्ही तीन आठवडे माझ्या आईकडे काढलेच.

पाण्याची चाचणी मात्र स्वतः उभं राहून करा. आमच्या बाथरूमच्या तळाला नवा थर बसला, जाळीखालच्या पाइपच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबून वर सिमेंट लिंपलं आणि तीन इंच पाणी भरलं. मी शिसपेन्सिलीने भिंतीवर पाण्याच्या रेषेवर खूण केली, शेजारी तारीख आणि वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी खुणेच्या बोटभर खाली. गवंडीमामा म्हणाले, “नवा कोबा पाणी पितो, ताई.” पितो, हे खरं आहे. म्हणून परत खुणेपर्यंत भरलं. संध्याकाळी पुन्हा बोटभर खाली. मी काकूंकडे गेले, त्यांनी स्टूल मांडून दिलं, छताला हात लावला. पाइप स्लॅबमधून उतरतो तिथे वाटीएवढा गोल गार लागत होता. वर तेवढाच भाग खोदला, पाइपभोवतीची पोकळी भरून परत थर दिला. चार दिवस गेले. मग 72 तास पाणी ठेवलं, रेष जागची हलली नाही. याचे पैसे द्यावे लागले नाहीत, कारण अकरा ओळींतली एक ओळ तीच होती. वरून टाइल्स बसल्या असत्या तर हेच काम पुन्हा 92 हजारांचं झालं असतं.

पाइप-वायरी गिलाव्यात गाडल्या जाण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, फोटोत मोजपट्टी धरून : कोपऱ्यापासून किती, जमिनीपासून किती. वर्षभराने आरसा टांगायला ड्रिल लावणाऱ्याला तोच फोटो दाखवायचा असतो.

ओट्याची उंची कॉन्ट्रॅक्टरवर सोडू नका, ते सवयीने 34 इंच म्हणतात. सासूबाई चार फूट दहा इंच, स्वयंपाकघरात त्यांचं राज्य. विटांवर फळी ठेवून त्यांना पोळपाट-लाटणं दिलं, कणकेचा गोळाही दिला. 34 वर खांदे वर उचलले गेले, 31 वर मी लाटायला लागले तर कमरेत वाकले. 32 ला दोघी तयार झालो. शेगडी ओट्यावर ठेवली की कढई अजून वर जाते हे विसरू नका.

टाइल्स एकदम घ्या. आपल्याकडचा बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीहून येतो, आणि पुढच्या खेपेला तीच छटा येईल याची खात्री दुकानदारही देत नाही. फरशी 480 चौरस फूट होती, 8 टक्के तूट धरली. दोन बाय दोनच्या चार नगांची पेटी साधारण साडेपंधरा चौरस फुटांची, म्हणून 34 पेट्या घेतल्या. उतरवून घेताना सगळ्या पेट्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना पाहा. आमच्यात दोन वेगळ्या निघाल्या, टेम्पोतूनच परत पाठवल्या.

एक्स्ट्रा कामाचा नियम एकच होता : व्हॉट्सॲपवर रक्कम आणि माझं ‘ओके’, त्याशिवाय एक्स्ट्रा नाही. शेवटी एकूण 7 लाख 5 हजार झाले. वरच्या 65 हजारांतले 41 हजार आमच्याच नव्या हौसेचे, बाल्कनीत बेसिन आणि खिडक्यांना ग्रॅनाइटच्या चौकटी. 24 हजार गच्चीवरून येणाऱ्या पाइपचे, जो तोडफोड होईपर्यंत कुणालाच दिसला नव्हता. अंदाजाच्या 10 टक्के रक्कम बाजूला ठेवली होती, ती जवळजवळ तेवढीच लागली.

ताबा घेताना संध्याकाळी जा, टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका धरा, पुट्टीचे सगळे उंचवटे दिसतात. नाण्याने प्रत्येक लादी ठोका, बोदा आवाज आला की खडूने फुली. आमच्या हॉलमध्ये सात फुल्या पडल्या, सातही बदलून घेतल्या. बादलीभर पाणी बाथरूमच्या दाराशी ओता आणि ते जाळीकडे जातं की खोलीकडे ते पाहा. चार्जर घेऊन प्रत्येक प्लगवर फिरा. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून पाहा.

जुलैत कॉन्ट्रॅक्टर शेवटच्या 32 हजारांसाठी आले. खिडकीखाली तळहाताएवढी ओल होती. खिडकीच्या बाहेरच्या कडेला फट राहिली होती, ती त्यांनी बुजवली, आठवड्याने येऊन परत पाहिलं, मग चेक घेतला. उरलेल्या लाद्यांची एक पेटी माळ्यावर आहे. तिच्यावर मार्करने लिहिलंय : हॉल, बॅच नंबर, आणि ‘टाकू नये’.